नाटकाला क्रेडिट किती? कॉलेजात नाटक ‘विषय’ कसा झाला त्याची गोष्ट

  

आजचा विषय तुम्हीच सुचवलाय. गेले काही महिने एकाच प्रकारचे मेसेज येतायत. शब्द वेगळे, मुद्दा तोच. “मला नाटकात डिग्री करायचीय. घरचे म्हणतात, नाटक कर की, कोण नको म्हणतंय? पण डिग्री एखाद्या खऱ्या विषयात घे.”

हा ‘खरा विषय’ शब्द मला फार आवडतो. कारण तो इतक्या सहज वापरला जातो, जसं काही खरे विषय आकाशातून पडलेत आणि खोटे विषय माणसांनी केलेत. प्रत्यक्षात कुठलाही विषय कॉलेजात कधीतरी पहिल्यांदा आला. त्याला कोणीतरी आणलं, कोणीतरी अडवलं, आणि मग भांडून तो वेळापत्रकात बसला. नाटकाचंही तसंच झालं. मी काही करिअर कौन्सेलर नाही, त्यामुळे प्रवेश घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. पण हे भांडण कुठे झालं, कोणी केलं आणि त्यातून काय निघालं, ते सांगू शकतो. ते ऐकलंत तर घरी बोलताना निदान मुद्दे तरी हाताशी असतील.

गोष्ट अमेरिकेतली आहे. कारण नाटक हा साध्या बी.ए.च्या आत, इतिहास-अर्थशास्त्राच्या शेजारी बसणारा विषय असू शकतो, हा वाद तिथे फार लवकर आणि फार जोरात झाला.

आधी ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे काय ते बघू

नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द आता आपल्याकडेही अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर आलेत. त्यामागची कल्पना साधी आहे. चार वर्षांच्या शिक्षणात एक विषय खोलात शिकायचा, तो तुमचा मेजर. बाकीचा वेळ इतर विषयांना द्यायचा. म्हणजे मेजर रसायनशास्त्र असलं तरी तुम्ही तत्त्वज्ञान शिकता, एखादी परकी भाषा शिकता, थोडा इतिहास शिकता. एका नोकरीची तयारी करण्यापेक्षा कुठलीही गोष्ट समजून घेण्याची सवय लागावी, हा हेतू. अमेरिकेतल्या अनेक छोट्या कॉलेजांची उभारणीच या विचारावर झालीय.

आता मजा बघा. १९०० च्या आसपास या कॉलेजांमध्ये नाटक होतं का? भरपूर होतं! पण दोन तुकड्यांत. सकाळी वर्गात शेक्सपिअर वाचायचा, त्यावर परीक्षा द्यायची, ते झालं साहित्य. संध्याकाळी क्लबात तेच नाटक उभं करायचं, ती झाली हौस. सकाळच्या शेक्सपिअरला मार्क, संध्याकाळच्या शेक्सपिअरला टाळ्या. दोघांची गाठ पडायची नाही.

हे ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे वेगळं काय आहे? पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या किती पिढ्या त्या एकांकिकांवर पोसल्या गेल्या! पण ते सगळं तासांच्या बाहेर. माझ्या कॉलेजात तालमीला खोली मिळायची नाही. पार्किंगमध्ये, स्कूटरी बाजूला सारून आम्ही तालमी केल्या. बुडालेल्या लेक्चरची हजेरी मिळावी म्हणून सह्या गोळा करत फिरलो. करंडक जिंकला की त्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात आमचा फोटो! म्हणजे नाटकाचा अभिमान होता, पण नाटकाला जागा नव्हती.

नंबर ४७

हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी नाट्यलेखनाचा एक वर्ग सुरू केला. अभ्यासक्रमाच्या यादीत त्याचा क्रमांक होता ‘इंग्लिश ४७’, म्हणून सगळे त्याला ‘४७’च म्हणायचे. बेकर यांचं म्हणणं होतं की नाटक कागदावर तपासता येत नाही. ते कोणीतरी बोलून, उठून, चालून बघितल्याशिवाय त्यातली चूक दिसत नाही. म्हणून त्यांनी १९१२ च्या सुमारास वर्गाला जोडून एक कार्यशाळा उभी केली, ‘४७ वर्कशॉप’. विद्यार्थ्याने लिहिलेलं नाटक तिथे खरंच उभं राहायचं आणि ते बघून प्रेक्षक लेखी मत द्यायचे.

१९१४ मध्ये या वर्गात एक पंचविशीचा मुलगा आला. वडील त्या काळचे गाजलेले नट, आणि हा प्रिन्स्टनमधून वर्षभरात बाहेर पडलेला, मधली वर्षं जहाजांवर आणि आजारपणात गेलेली. त्याचं नाव युजीन ओनील. पुढे १९३६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

तुम्हाला वाटेल, असा वर्ग असल्यावर हार्वर्डने बेकर यांना डोक्यावर घेतलं असेल. उलट झालं. नीट रंगमंच मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले. विद्यापीठाने दाद दिली नाही. नाटक लिहिणं-करणं ही विद्यापीठाची गोष्टच नव्हे, असा एकंदर सूर. शेवटी एडवर्ड हार्कनेस या धनाढ्य माणसाने येल विद्यापीठाला नाट्यविभाग आणि नाट्यगृहासाठी १० लाख डॉलर दिले आणि १९२५ मध्ये बेकर हार्वर्ड सोडून येलला गेले. त्या वेळी फुटबॉलच्या स्कोअरसारखा एक विनोद फिरला होता: येल ४७, हार्वर्ड ०.

आणि हार्वर्डमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना नाटकाशी जोडलेला मेजर घेता येईल अशी सोय कधी झाली? २०१५ मध्ये! बेकर गेल्यानंतर तब्बल ९० वर्षांनी, नाटक, नृत्य आणि माध्यमं असा एकत्र विषय सुरू झाला. तेव्हा आपल्या घरच्यांना पटायला दोन-तीन वर्षं लागली, तर फार वाईट वाटून घेऊ नका.

दोन वाटा

दरम्यान पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात वेगळंच काही चाललं होतं. अँड्र्यू कार्नेगी यांनी काढलेल्या तांत्रिक शिक्षणसंस्थेत १९१४ मध्ये नाट्यविभाग सुरू झाला. नाटकात पदवी देणारा अमेरिकेतला हा पहिला विभाग. आणि तो कुठे निघाला बघा! जिथे मशीनकाम आणि बांधकाम शिकवायचे तिथे. त्यांचा विचार सरळ होता. नाटक हे एक कसब आहे. सुताराला रंधा लागतो तसा नटाला आवाज लागतो. मग दिवसभर तेच शिकवा.

इथून दोन वाटा फुटल्या आणि त्या आजही आहेत. पहिली वाट कसबाची. पदवीचा बहुतेक वेळ अभिनय, आवाज, हालचाल, नेपथ्य, प्रकाशयोजना यांना द्यायचा. अमेरिकेत याला बहुधा बी.एफ.ए. म्हणतात. दुसरी वाट बी.ए.ची. नाटक हा मेजर, पण सोबत इतिहास, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. पहिल्या वाटेचा प्रश्न आहे, तुला काम नीट करता येतं का? दुसरीचा प्रश्न जरा विचित्र आहे: नाटक करून तुला जगाबद्दल काय कळलं?

दुसऱ्या वाटेवर लोक जास्त हसतात. कारण पहिलीतून निदान नट तरी बाहेर पडतो. दुसरीतून काय? याचं उत्तर मला तरी एका बाईंच्या गोष्टीत सापडतं.

हॅली

हॅली फ्लॅनगन. जन्म १८९०, साउथ डकोटा. लहानपण गेलं आयोवा राज्यातल्या ग्रिनेल नावाच्या गावात. तिथल्याच ग्रिनेल कॉलेजातून १९११ मध्ये पदवी. नाटकाची नव्हे, तसा विषयच नव्हता. लग्न झालं, दोन मुलगे झाले. १९१९ मध्ये नवरा क्षयाने गेला. तीन वर्षांनी मोठा मुलगाही गेला. तिशी ओलांडलेली, एका लहान मुलाची एकटी आई, गावातल्या कॉलेजात शिकवून घर चालवतेय. एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं.

पण तिने एक नाटक लिहिलं. त्याच्या जोरावर ती १९२३ मध्ये बेकर यांच्या त्या ४७ च्या वर्गात पोचली. वर्षभर शिकून परतली आणि १९२५ मध्ये व्हॅसार कॉलेजात रुजू झाली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावातलं हे त्या काळी मुलींचं कॉलेज. श्रीमंत घरच्या मुली तिथे शिकायच्या. हॅलीची नेमणूक झाली ती इंग्रजी विभागात. पुढच्याच वर्षी तिला गुगनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी ती एक. त्या पैशावर ती युरोप आणि रशिया फिरली, तिथलं नाटक बघितलं, परतली आणि व्हॅसारमध्ये तिने ‘एक्सपेरिमेंटल थिएटर’ उभं केलं.

नावातला ‘एक्सपेरिमेंट’ तिने शब्दशः घेतला होता, बरं का. प्रयोगशाळेतला प्रयोग. आपल्या मराठीत गंमत अशी आहे की नाटकाचाही ‘प्रयोग’च होतो आणि रसायनशास्त्राचाही. हॅलीला मराठी येत असतं तर तिचं अर्धं काम वाचलं असतं.

१९२७ मध्ये तिने काय केलं बघा. चेखवची एक छोटी प्रहसनासारखी एकांकिका आहे. एक तरुण शेजाऱ्याच्या मुलीला मागणी घालायला येतो आणि जमिनीच्या तुकड्यावरून भांडण होतं. हॅलीने ही एकांकिका एकाच संध्याकाळी तीनदा केली. तीच संहिता, तीन पद्धती. आधी वास्तववादी, म्हणजे खरं वाटेल असं घर, खऱ्या वाटतील अशा हालचाली. मग अभिव्यक्तिवादी, जिथे पात्रांच्या मनातलं बाहेर येतं आणि सगळं भडक, वाकडंतिकडं होतं. आणि तिसऱ्यांदा रशियात बघून आलेली पद्धत, जिथे घर नाहीच, नुसते सांगाडे, उतरंडी आणि त्यावर कसरत करावी तसे नट.

आता विचार करा, त्या प्रेक्षागृहात बसलेल्या मुलीला काय कळलं असेल. एकच मजकूर, पण मांडणी बदलली की अर्थ बदलतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिता येतं, पण तासाभरात तीनदा डोळ्यांसमोर घडलं की ते विसरता येत नाही. आज आपण रील बघताना, बातमी बघताना हाच प्रश्न विचारायचा असतो ना? तीच घटना, पण कोणी, कशी मांडलीय?

या छोट्याशा कॉलेजच्या रंगमंचाकडे बाहेरचे लोकही बघू लागले होते. १९३३ मध्ये टी. एस. एलियट यांच्या ‘स्वीनी अ‍ॅगोनिस्टिस’चा पहिला प्रयोग इथेच झाला आणि तो बघायला स्वतः कवी हजर होते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दोन वर्षं आधीचं एक नाटक.

दुष्काळ आणि मुली

१९३० मध्ये अमेरिकेत मंदी होतीच, त्यात दक्षिणेकडे भयंकर दुष्काळ पडला. जानेवारी १९३१ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या एका गावात शेकडो भुकेले शेतकरी जमले. मदतीचं धान्य मिळण्यासाठी जे फॉर्म भरायचे, ते फॉर्मच संपले होते. फॉर्म नाही म्हणून अन्न नाही! लोक दुकानांपुढे येऊन उभे राहिले, अन्न द्या नाहीतर आम्ही घेऊ म्हणाले. आपल्याकडे ज्यांनी सरकारी मदतीच्या रांगा बघितल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या घटनेवर मार्च महिन्यात व्हिटेकर चेंबर्स या लेखकाची एक कथा छापून आली. हॅलीने ती वाचली. मार्गारेट एलन क्लिफर्ड या आपल्याच माजी विद्यार्थिनीबरोबर तिने तिचं नाटक केलं, ‘कॅन यू हिअर देअर व्हॉइसेस?’, म्हणजे ‘त्यांचे आवाज ऐकू येतायत का?’ मे १९३१ मध्ये ते रंगमंचावर उभं होतं. घटना जानेवारीत, कथा मार्चमध्ये, नाटक मेमध्ये!

पण घाई असूनही हे काम हवेत केलेलं नव्हतं. नाटकासाठी वर्तमानपत्रं आणि संसदेची कामकाज-नोंद चाळली गेली. दुष्काळाचे आकडे प्रयोगात पडद्यावर दाखवले गेले. एका प्रवेशात उपाशी शेतकऱ्याची झोपडी, तर दुसऱ्यात राजधानीत एका लोकप्रतिनिधीच्या मुलीची थाटाची पार्टी. आणि हे कोण करतंय? ज्यांच्या घरी अशाच पार्ट्या व्हायच्या त्या मुली.

मला इथे दोन्ही गोष्टी दिसतात. एक म्हणजे, हे आरामशीर आहे. पोकीप्सीच्या हिरवळीवर राहून आर्कान्साच्या भुकेचं नाटक करणं सोपं. प्रयोग संपला की मुली गरम जेवायला जाणार. हा आक्षेप खोटा नाही आणि तो टाळूही नये. पण दुसरी बाजूही बघा. त्या मुली अर्थशास्त्राच्या वर्गात ‘कृषी संकट’ हा धडा वाचू शकल्या असत्या आणि परीक्षेनंतर विसरू शकल्या असत्या. इथे त्यांना शेतकऱ्याच्या बायकोच्या जागी उभं राहून बोलायचं होतं. बोलायचं तर ती काय खाते, तिच्याकडे किती पैसे आहेत, तिला कोणता फॉर्म मिळाला नाही, हे शोधावं लागलं. भूमिका उभी करायची म्हणून माहिती गोळा करावी लागली, आणि ती माहिती अंगावर घेऊन लोकांसमोर उभं राहावं लागलं.

बी.ए.च्या वाटेचा तो विचित्र प्रश्न आठवतोय ना, नाटक करून जगाबद्दल काय कळलं? त्याचं उत्तर हे असं होतं.

कॉलेजबाहेर

१९३५. मंदीत लाखो बेकार. सिनेमा बोलका झाल्यापासून नाटकवाल्यांचं तर कंबरडंच मोडलेलं. रुझवेल्ट सरकारने रोजगार देणारी एक मोठी योजना काढली. ती चालवणारे हॅरी हॉपकिन्स हे हॅलीच्याच ग्रिनेल कॉलेजचे, तिच्याहून एक वर्ष मागे. त्यांनी ठरवलं की बेकार सुताराला सुतारकाम आणि बेकार नटाला नाटक द्यायचं. आणि हे सगळं सांभाळायला त्यांनी ब्रॉडवेचा कोणी बडा निर्माता न बोलावता या कॉलेजातल्या प्राध्यापिकेला बोलावलं.

‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ चार वर्षं चाललं. एका टप्प्यावर त्यात १२ हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला साधारण २३ डॉलर पगार. तिकीट अगदी स्वस्त, आणि बरेच प्रयोग फुकट. हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांचं ‘मॅकबेथ’ झालं, त्याचा दिग्दर्शक होता २० वर्षांचा ऑर्सन वेल्स. ऑक्टोबर १९३६ मध्ये, अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल यावरचं नाटक देशभरात वीसहून जास्त नाट्यगृहांत एकाच दिवशी उघडलं. त्यात एक प्रयोग यिडिश भाषेत होता, एक स्पॅनिशमध्ये.

आणि त्यात एक प्रकार होता ‘लिव्हिंग न्यूजपेपर’, म्हणजे जिवंत वर्तमानपत्र. शेतीचे भाव, विजेचे दर, झोपडपट्ट्या, असे विषय आकडे आणि कागदपत्रांसकट रंगमंचावर. ओळखलंत? व्हॅसारच्या त्या दुष्काळाच्या नाटकाचं हे मोठं भावंड. घरांच्या प्रश्नावरचं ‘वन-थर्ड ऑफ अ नेशन’ हे नाटक तर १९३७ च्या उन्हाळ्यात व्हॅसारमध्येच भरलेल्या शिबिरात आकाराला आलं. पुढे वेगवेगळ्या शहरांत ते झालं तेव्हा तिथल्या तिथल्या घरांची माहिती त्यात घातली गेली.

मार्लो कोण?

सरकारी पैशाने सरकारलाच टोचणारं नाटक किती दिवस चालणार? देशविरोधी हालचाली शोधायला नेमलेल्या संसदीय समितीने ६ डिसेंबर १९३८ ला हॅलीला साक्षीला बोलावलं. आरोप असा की हे थिएटर म्हणजे कम्युनिस्टांचा अड्डा आहे.

अलाबामाचे प्रतिनिधी जो स्टार्न्स यांनी तिचाच एक सात वर्षं जुना लेख काढला. कामगारांच्या नाट्यगटांबद्दल लिहिताना तिने त्यांच्यातल्या वेडाची तुलना मार्लोशी केली होती. स्टार्न्स यांनी विचारलं, हा मार्लो कोण? हा कम्युनिस्ट आहे का?

ख्रिस्तोफर मार्लो. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार. मृत्यू १५९३.

सभागृहात हशा पिकला. हॅली हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर हजारो लोकांच्या नोकऱ्या होत्या. तिने शांतपणे सांगितलं की नोंद करून घ्या, मार्लो हा शेक्सपिअरच्या काळातला, त्याच्या अगदी आधीचा सर्वात मोठा नाटककार. मग प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचाही विषय निघाला. तोही वर्गभेद शिकवायचा म्हणे!

हा किस्सा आपण हसायला म्हणून सांगतो. पण मला त्यात हसण्यापेक्षा भीती जास्त वाटते. पैसे देणं-न देणं ज्यांच्या हातात, त्यांना समोरच्या विषयाची ओळखच नव्हती. स्टार्न्स मूर्ख होते असं मी म्हणत नाही, ते वकील होते. पण एका विषयापलीकडचं जग बघितलं नाही की हुशार माणूसही असा प्रश्न विचारतो. आणि विनोद कितीही चांगला झाला तरी जिंकलं कोण? जेवणाची सुट्टी झाली आणि हॅलीला बोलणं पूर्ण करायला पुन्हा बोलावलंच नाही. ३० जून १९३९ ला संसदेने पैसे बंद केले. प्रोजेक्ट संपलं. माणसं पुन्हा बेकार.

हॅली व्हॅसारला परतली, १९४० मध्ये ‘अरीना’ या पुस्तकात तिने हा सगळा इतिहास लिहून ठेवला, आणि १९४२ मध्ये स्मिथ कॉलेजची डीन झाली. म्हणजे पुन्हा कॉलेजातच. १९६९ मध्ये ती गेली.

मग आपलं काय?

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, आपल्या मराठी नाटकाला डिग्री कधी लागली? बरोबर आहे! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीचे. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ उभं करणाऱ्या मंडळींत पुण्याच्या बी. जे. मेडिकलशी नातं असलेले किती तरी. नाटक तासांच्या बाहेर करूनच ही माणसं घडली.

मीही बरीच वर्षं हाच मुद्दा छाती काढून सांगायचो. पण त्यात एक गोष्ट दिसत नाही. तासांच्या बाहेर नाटक कोणाला करता येतं? ज्याला संध्याकाळ मोकळी आहे त्याला. जिला सातच्या आत घरी यावं लागतं, जो कॉलेज सुटल्यावर डिलिव्हरीचं काम करतो, ज्याची शेवटची एसटी सहाला सुटते, त्यांची तालीम कधी होणार? नाटक वेळापत्रकात आलं, त्याला क्रेडिट मिळालं, की त्या मुलीला घरी सांगता येतं: “तास आहे.” एवढ्या दोन शब्दांनी कोणाला नाटक करता येणार आणि कोणाला नाही, हे बदलू शकतं.

आणि त्याच आळेकरांचं पुढे काय झालं बघा. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झालं. १९९६ मध्ये आळेकर नोकरी सोडून तिथे प्रमुख म्हणून गेले आणि २००९ पर्यंत होते. ज्याला स्वतःला डिग्री लागली नाही, त्या नाटककाराने आयुष्यातली तेरा वर्षं इतरांना नाटक पद्धतशीर शिकता यावं म्हणून दिली. हेही घरी सांगा.

पण खोटी आशा मी देणार नाही. नाटकाची डिग्री म्हणजे नोकरीची हमी नव्हे. फेडरल थिएटर निघालंच मुळी नाटकवाले उपाशी होते म्हणून. तेव्हा प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काही साधे प्रश्न विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याला बॅकस्टेज करावं लागतं का, की काही जण कायम हिरो आणि काही जण कायम खुर्च्या उचलणार? नाटकासोबत इतिहास, अर्थशास्त्र, एखादी भाषा खरंच घेता येते का, की ते फक्त माहितीपत्रकात आहे? वर्षात किती प्रयोग होतात आणि त्यासाठी जागा आहे का? फी किती, आणि त्यात नाटकाचा खर्च धरलाय का? यांची उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर दुसरा विषय घेऊन संध्याकाळी नाटक करणं जास्त शहाणपणाचं ठरेल. आणि ज्यांना फक्त अभिनयच करायचाय, बाकी काही नको, त्यांनी पिट्सबर्गची वाट धरावी. त्यात कमीपणा काही नाही.

बी.ए.ची वाट ज्यांना खुणावतेय, त्यांनी घरी एवढंच सांगून बघा की नाटक शिकणं म्हणजे फक्त नट होणं नाही. मजकूर वाचणं, माहिती खणून काढणं, पंधरा हट्टी लोकांबरोबर ठरलेल्या तारखेला काम पूर्ण करणं, आणि आपण जो नाही आहोत त्याच्या जागी उभं राहून बोलणं, हे सगळं त्यात येतं. यातलं कुठलं ‘खऱ्या’ विषयात नको असतं, ते त्यांनाच विचारा.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या कॉलेजात तालीम कुठे होते, पार्किंगमध्ये, गच्चीवर की खरंच एखाद्या हॉलमध्ये, ते मला नक्की कळवा. आणि ज्या मित्राच्या घरी सध्या ‘खऱ्या विषया’वरून वाद चालू आहे, त्याला हा एपिसोड पाठवा. जमलं तर त्याच्या आईबाबांनाही. पुढच्या आठवड्यात भेटू.